पत्र्याखालची मजुरी

(छत्रपती संभाजीनगर येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



इमारतींचे उष्णतारोधन हा विषय राजकीय कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात कशासाठी, अशी शंका आपल्यापैकी काहींच्या मनात आली असेल तर ती अस्थानी म्हणता येणार नाही. हा विषय आजवर स्थापत्यविशारदांचा, वातानुकूलन यंत्रे विकणाऱ्यांचा आणि फार तर वीजबचतीच्या सरकारी पत्रकांचा मानला गेला आहे. मी आयुष्यभर अर्थशास्त्र शिकवले. त्या शास्त्राने एक सवय लावली: खर्च दिसला की तो कोण करतो हे विचारायचे, आणि खर्च कोठेच दिसत नसला तर तो कोण सोसतो याचा शोध घ्यायचा. दुकान, गोदाम, कार्यालय आणि कारखाना यांच्या छपरांकडे या दृष्टीने पाहिले की विषय वीजबचतीचा राहत नाही. तो मजुरीचा होतो.

प्रथम आपल्या गावाचे हवामान पाहू. हे शहर विषुववृत्ताच्या उत्तरेस जवळजवळ वीस अंशांवर वसले आहे. त्याचा व्यावहारिक अर्थ असा की मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य मध्यान्ही अगदी डोक्यावर येतो. उभ्या माणसाची सावली त्याच्या पायाखाली जाते. अशा वेळी भिंतींवर ऊन तिरपे आणि थोडे पडते, छपरावर मात्र सरळ पडते. दर चौरस मीटरला सुमारे एक हजार वॉट, म्हणजे एका चालू इस्त्रीइतकी उष्णता, छपराच्या प्रत्येक चौरस मीटरवर ओतली जात असते. बाहेरची हवा चाळीस-बेचाळीस अंश, पण कोरडी. आणि कोरडी असल्यामुळेच रात्री ती पुष्कळ उतरते. मुंबईच्या दमट उकाड्यात वारा हाच काय तो उपाय असतो. आपल्याकडे दिवसाची उष्णता बाहेर अडवणे आणि रात्रीचा गारवा आत घेणे, हे दोन्ही शक्य असते. निसर्गाने दिलेली ही सवलत आपल्या पूर्वजांना ठाऊक होती.

पाणचक्की आपण सर्वांनी पाहिली आहे. परगावचा पाहुणा आला की चक्की आणि हौद दाखवून आपण त्याला परत आणतो. त्या हौदाखाली मोठे दालन आहे, आणि हौदाचा तळ हेच त्या दालनाचे छत आहे. डोक्यावर पाण्याचा एवढा साठा असल्यावर उन्हाची झळ खालपर्यंत पोहोचतच नाही. यात्रेकरूंना भर उन्हाळ्यात गारव्यात विसावता यावे म्हणून केलेली ही रचना शेकडो वर्षांपूर्वीची आहे. गुलमंडी, शहागंज, सराफा या भागांतील जुन्या इमारतींच्या जाड विटांच्या आणि चुन्याच्या भिंतीही हेच काम करीत. दुपारची उष्णता भिंतीतून आत यायला संध्याकाळ व्हायची, आणि तोवर दुकानाच्या फळ्या लावण्याची वेळ झालेली असायची.

खेड्यात हेच काम माळवदाने केले. लाकडी तुळया, त्यांवर किलच्या, त्यांवर पालापाचोळा आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. हे मराठवाड्याचे घरगुती उष्णतारोधन होते. त्याचे गोडवे गाताना एक गोष्ट मात्र विसरता येत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हीच जड माळवदे आणि मातीत रचलेल्या दगडी भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या; हजारो माणसे गेली. त्यानंतर लोकांनी जडपणाची धास्ती घेतली असेल तर त्यांना दोष कोण देईल? म्हणून जुन्याकडे परत चला, असे मी म्हणणार नाही. परंतु माळवद गेले तेव्हा त्याचे वजन गेले आणि त्याबरोबर त्याने दिलेला निवाराही गेला. वजन नको होते. निवारा हवा होता. त्याच्या जागी पत्रा आला, आणि पत्र्याला वजन नाही तसा निवाराही नाही.

आता औद्योगिक वसाहतींकडे वळू. चिकलठाणा, रेल्वे स्टेशन, वाळूज, शेंद्रा, आणि आता बिडकीन. १९८० च्या दशकात वाळूजला मोठे कारखाने आले आणि त्यांना सुटे भाग पुरवणारे शेकडो लहान कारखाने त्यांच्याभोवती उभे राहिले. मोठ्या कारखान्याची इमारत बरी असते. तिचा आराखडा कोणीतरी विचार करून काढलेला असतो. लहान कारखाना म्हणजे बहुधा लोखंडी सांगाडा आणि त्यावर पत्रा, गाळा भाड्याचा. अर्धा मिलिमीटर जाडीचा पत्रा उष्णतेला अडवीत नाही, तो तिला वाट देतो. मे महिन्यात त्याचे तापमान साठ अंशांच्या पुढे जाते आणि तो खालच्या माणसावर भट्टीच्या झाकणासारखी आंच टाकू लागतो. पंखा लावला तरी ही आंच कमी होत नाही, कारण ती हवेतून येत नाही. ती किरणांनी येते. शिवाय भोवतालची हवा अंगाच्या त्वचेहून अधिक गरम झाली की पंखा घाम सुकवण्यापुरताच उपयोगी. एरवी तो गरम हवा अंगावर फेकतो.

यावर उपाय अवघड आहे काय? मुळीच नाही. पाच सेंटिमीटर जाडीचा ग्लासवूलचा थर जेवढी उष्णता अडवतो तेवढी अडवण्यासाठी जवळजवळ दोन मीटर जाडीचे काँक्रीट घालावे लागेल. पत्र्याखाली थोडी पोकळी सोडून चकचकीत ॲल्युमिनियमचा पडदा ताणला तरी किरणांची आंच पुष्कळ अंशी परत फिरते. आणि ज्याला हेही परवडत नाही त्याच्यासाठी चुना आहे. पांढरे छत बहुतेक ऊन आल्या वाटेने परत पाठवते. धुळीने त्याची पांढरी मळते, पावसात चुना वाहून जातो, म्हणून दर उन्हाळ्याच्या तोंडाशी तो पुन्हा मारावा लागतो. दिवाळीला भिंती रंगवणाऱ्या समाजाला हे जड जाऊ नये.

मग हे होत का नाही? येथून माझा विषय सुरू होतो.

एक ढोबळ हिशेब मांडतो. शहरातल्या एखाद्या व्यापारी इमारतीचा सर्वांत वरचा मजला घ्या. एक हजार चौरस फुटांचे कार्यालय, वर पंधरा सेंटिमीटरचा उघडा स्लॅब. दुपारी त्या स्लॅबचा बाहेरचा भाग, ऊन धरून, आतल्या हवेपेक्षा सरासरी पंचवीस अंशांनी गरम आहे असे समजा. तेवढ्या छतातून सुमारे आठ किलोवॉट उष्णता आत येईल. ती बाहेर काढायला सव्वादोन टनांचे वातानुकूलन यंत्र लागेल, आणि हे केवळ छतासाठी. माणसे, दिवे, काचा यांचा हिशेब वेगळा. काँक्रीट उष्णता उशिरा सोडते, त्यामुळे प्रत्यक्षात हा भार दिवसभर सारखा पडत नाही, पण एकूण आकडा फारसा बदलत नाही. आता याच छतावर चांगला उष्णतारोधक थर घातला तर तोच भार पाव टनावर येतो. म्हणजे दोन टनांचे यंत्र आणि त्याची वीज वाचली. हा खर्च काही वर्षांत भरून निघतो हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ लागत नाही. तरीही बहुतेक इमारतींवर तो थर नसतो; कारण इमारत बांधतो एक, विकत घेतो दुसरा आणि विजेचे बिल भरतो तिसरा, जो भाडेकरू असतो. बांधणाऱ्याने थरावर पैसे घातले तर लाभ भाडेकरूला मिळणार. भाडेकरूने घालावेत तर अकरा महिन्यांच्या कराराने त्याचे हात बांधलेले. जेथे खर्च करणारा आणि लाभ घेणारा वेगळा असतो तेथे बाजार आपण होऊन शहाणपणाचा निर्णय घेत नाही. बाजाराच्या या दोषाची चर्चा आमच्या पाठ्यपुस्तकांत असते. वाळूजचा कोणताही गाळा तिचे उदाहरण म्हणून चालेल.

जालना रोडवरच्या काचेच्या दर्शनी इमारतींविषयी एक शब्द. थंड देशांत ऊन आत घ्यावे म्हणून जी काच लावतात ती आपण ऊन हाकलण्याचा खर्च करून लावतो. आतली उष्णता यंत्र बाहेर फेकते, ती पदपथावर. तेथे फळांची गाडी लावून उभा असलेला माणूस आतल्या गारव्याचे मोल आपल्या अंगावर घेतो. ही रक्कम कोणत्याही ताळेबंदात लिहिली जात नाही.

पण मुख्य प्रश्न याहून मूलभूत आहे. वातानुकूलित इमारतीत उष्णतेचे निदान बिल तरी येते, आणि बिल आले की कधीतरी कोणीतरी ते कमी करण्याचा विचार करतो. जेथे वातानुकूलन नाहीच तेथे बिल कोणाला येते? पत्र्याच्या शेडमध्ये उष्णता काढून टाकणारे एकमेव यंत्र म्हणजे कामगाराचे शरीर. ते घाम गाळून उष्णता काढते, त्यासाठी हृदय जोरात चालवते, पाणी आणि क्षार खर्ची घालते. त्याची वीज मोजणारे मीटर नाही. मालकाच्या दृष्टीने हे शीतकरण फुकट आहे, आणि जी वस्तू फुकट मिळते तिची बचत करण्यासाठी कोणी भांडवल गुंतवत नाही. या शहरात बीअर बनते, औषधे बनतात. त्यांच्या शीतगृहांच्या भिंती दहा-दहा सेंटिमीटर जाडीच्या उष्णतारोधक फळ्यांनी मढवलेल्या असतात, कारण माल खराब झाला तर नुकसान मालकाचे होते. माणूस खराब झाला तर नुकसान त्याच्या कुटुंबाचे होते.

हे केवळ भावनेचे बोलणे नाही. भारतीय कारखान्यांवर ई. सोमनाथन, अनंत सुदर्शन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. वार्षिक तापमान एक अंशाने वाढले तर कारखान्याचे उत्पादन सुमारे दोन टक्क्यांनी घटते, असा त्यांचा निष्कर्ष आहे. हिरे व्यवसायात मालक जास्त मूल्याचे काम जेथे चालते तेथेच गारवा पुरवतात, असेही त्यांना आढळले. आणखी एक गोष्ट आपण विशेष ध्यानात घ्यावी: कारखान्यात गारवा असला की कामाची गती टिकते, पण उष्णतेमुळे होणारी गैरहजेरी थांबत नाही, कारण कामगार रात्री ज्या घरात झोपतो ते तापलेलेच असते. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने २०१९ मध्ये असा अंदाज वर्तवला की २०३० पर्यंत उष्णतेपायी भारत आपल्या कामाच्या तासांपैकी ५.८ टक्के तास गमावील. म्हणजे जवळजवळ साडेतीन कोटी माणसांचे पूर्णवेळ काम. हे तास गमावतात म्हणजे काय होते? मालक उत्पादन गमावतो हे खरे. पण तुकड्यावर काम करणारा आणि ठेकेदाराकडून रोजावर येणारा आपली मजुरी गमावतो. छपराचा खर्च वाचतो तो येथून.

आता कायदा पाहू. येथे थोडा वेळ थांबण्याची मी आपल्याला विनंती करतो, कारण या कथेची चर्चा कोठे झालेली माझ्या पाहण्यात नाही. १९४८ च्या कारखाना अधिनियमाचे तेरावे कलम वायुवीजन आणि तापमान यांविषयी होते. कामाच्या जागी कामगाराला वाजवी सोय वाटेल आणि आरोग्याला इजा होणार नाही असे तापमान राखले पाहिजे, इतके सांगून ते थांबले नव्हते. भिंती आणि छपरे अशा सामग्रीची व अशा रचनेची असावीत की तापमान शक्य तितके कमी राहील, असे ते स्पष्ट सांगत होते. आणि मूळ कलमात राज्य शासनाला कोणते उपाय सक्तीचे करता येतील त्यांची नावेही होती: चुना मारणे, पाणी शिंपडणे, भिंती व छपरे उष्णतारोधक करणे, छप्पर उंच करणे, मध्ये हवेची पोकळी सोडून दुहेरी छप्पर घालणे. स्वातंत्र्यानंतर सुमारे वर्षभरात, या देशापाशी काहीच नसताना, संसदेची जागा चालवणाऱ्या विधिमंडळाने कामगाराच्या डोक्यावरच्या छपराचा इतक्या बारकाईने विचार केला होता.

१९८७ मध्ये, भोपाळच्या दुर्घटनेनंतर, अधिनियमात मोठ्या दुरुस्त्या झाल्या. त्यांतल्या पुष्कळ चांगल्या होत्या. परंतु उपायांची ती यादी गळली आणि तिच्या जागी मुख्य निरीक्षकाने योग्य ते उपाय लेखी आदेशाने सुचवावेत अशी तरतूद आली. अधिकार एका कारखान्यापर्यंत पोहोचला हे बरे झाले. पण तो वापरायला निरीक्षक यायला हवा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि कारखाना अधिनियमाची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने घेतली. तिच्यात वायुवीजन, तापमान आणि आर्द्रता हे तीन शब्द आहेत. तपशील नियमांवर सोपवला आहे. छप्पर आणि भिंत हे शब्द मात्र त्या वाक्यातून गेले. त्याचबरोबर वीज वापरणाऱ्या कारखान्याची व्याख्या दहा कामगारांवरून वीसवर गेली. वाळूजच्या लहान गाळ्यांत किती माणसे काम करतात हे आपल्याला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे.

दुसऱ्या बाजूला ऊर्जा संवर्धनाचा कायदा आहे, २००१ चा. त्याखाली २००७ मध्ये व्यापारी इमारतींसाठी संहिता निघाली, २०१७ मध्ये ती सुधारली. छताची उष्णता किती अडवली जावी याचे आकडे तिच्यात दिलेले आहेत आणि ते चांगले कडक आहेत. पण ती लागू होते शंभर किलोवॉट किंवा त्याहून अधिक भाराच्या इमारतींना, आणि उत्पादनप्रक्रियेला लागणारी ऊर्जा तिच्या कक्षेबाहेर राहते. तिचा हेतू वीज वाचवणे हा आहे. ज्या शेडमध्ये चार पंखेच फिरतात तेथे वाचवायला वीज कोठून आणणार? म्हणजे श्रमाच्या कायद्यातून छप्पर बाहेर पडले आणि विजेच्या कायद्यात ते आले खरे, पण वातानुकूलित माणसांपुरते.

यावर दोन आक्षेप घेतले जातील, आणि ते घेतलेच पाहिजेत. पहिला आगीचा. थर्माकोल आणि काही फोम सहज पेट घेतात, विषारी धूर सोडतात. ३१ डिसेंबर २०२३ च्या पहाटे वाळूजमध्ये हातमोजे बनवणाऱ्या एका कारखान्याला आग लागली आणि आत झोपलेले सहा कामगार मरण पावले. त्या आगीचा संबंध मी उष्णतारोधनाशी जोडत नाही. मला त्यातून एवढेच दिसते की आपल्याकडे शेड ही कामाची जागा असते आणि निजण्याचीही असते. म्हणून तिच्यात जळणारी वस्तू भरण्याला आपण कडाडून विरोध केला पाहिजे. ग्लासवूल आणि रॉकवूल जळत नाहीत. चुना जळत नाही. थोडे महाग पडले तरी तेच मागावे. जुन्या सिमेंटच्या पत्र्यांना भोके पाडून थर बसवणे मात्र टाळावे, कारण त्यांत ॲस्बेस्टॉस असते आणि त्याची धूळ फुप्फुसात जाते. दुसरा आक्षेप असा की ओतशाळा किंवा प्लॅस्टिकचे साचेकाम अशा ठिकाणी उष्णता आतच निर्माण होते. छप्पर बंद केले तर ती कोंडेल. हे अगदी खरे आहे. अशा ठिकाणी कण्याजवळ गरम हवेला वाट आणि खाली थंड हवेला दार, हे आधी, थर त्यानंतर.

तिसरा एक आक्षेप कूलरवाल्यांचा असतो. आपल्या कोरड्या हवेत कूलर उत्तम चालतो, हे मान्य. पण जायकवाडीपासून अवघ्या पन्नासेक किलोमीटरवर राहून वर्षानुवर्षे नळाच्या पाळीचे दिवस मोजत आलेल्या शहराने गारव्यासाठी आणखी पाणी कोठून आणावे? छपरावरचा थर एकदा घातला की पाणी मागत नाही.

हे करता येते, याचे उदाहरण शेजारीच आहे. १९४८ पर्यंत आपण आणि तेलंगण एकाच निजामी राजवटीत होतो. त्या तेलंगणाने २०२३ मध्ये शीतछतांचे पाच वर्षांचे धोरण जाहीर केले आणि नव्या व्यापारी इमारतींना ऊन परतवणारे छत सक्तीचे केले. अहमदाबादने २०१० च्या उष्णतेच्या लाटेत शेकडो माणसे गमावल्यावर २०१३ मध्ये उष्णतेशी सामना करण्याची नगरयोजना आखली, आणि पुढे गरीब वस्त्यांची छपरे पांढरी करण्याचे काम हाती घेतले. तेलंगणाचे धोरण ऊन परतवण्यापुरतेच आहे, रोधनाचे नाही, आणि अंमलबजावणीविषयी शंका घेता येतात. तरी छप्पर हा सार्वजनिक धोरणाचा विषय आहे, एवढे त्याने मान्य केले.

आपण मागायचे काय? महाराष्ट्रात श्रमसंहितेच्या नियमांत आणि मानकांत १९४८ च्या त्या यादीचे शब्द पुन्हा आले पाहिजेत. चुना, थर, पोकळी, दुहेरी छप्पर, नावानिशी. ऊर्जा संवर्धन कायद्यात २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीने भाराची मर्यादा खाली आणण्याचा अधिकार राज्याला दिला आहे. तो वापरला जावा. औद्योगिक वसाहतीत भूखंड आणि गाळे देताना छपराची अट घालणे हे तर शासनाच्या हातातलेच आहे, कारण जमीन त्याची आहे. आणि भाड्याच्या गाळ्यात छपराचा खर्च गाळामालकाने करावा, भाडेकरू कारखानदारावर ढकलू नये. लहान कारखानदार आपला शत्रू नाही. तोही त्याच पत्र्याखाली बसतो, फक्त त्याच्या केबिनला एक यंत्र असते.

हे मागण्याआधी आपल्यापाशी नोंदी हव्यात. येत्या एप्रिलपासून प्रत्येक वसाहतीतल्या दोन-तीन कार्यकर्त्यांनी साधे तापमापक घ्यावे, एकाच्या टोकाला ओले फडके गुंडाळावे, आणि दुपारी बारा, तीन आणि सहा वाजता यंत्राजवळ माणसाच्या छातीइतक्या उंचीवर दोन्ही आकडे लिहावेत. त्याच वेळी बाहेर झाडाच्या सावलीतले आकडेही. त्या दिवशी किती माणसे गैरहजर होती, किती तुकडे निघाले, कोणाला चक्कर आली, हे त्याच पानावर लिहावे. कारखान्याचे नाव लिहिण्याची घाई करू नका, त्याने माणसांची नोकरी जाते. छत कशाचे आहे, किती उंच आहे आणि त्याखाली काही थर आहे की नाही, एवढे मात्र प्रत्येक पानाच्या डोक्यावर असावे. पुढच्या जूनमध्ये ही पाने घेऊन आपण पुन्हा बसू.